गाजराचे पहिले पंचवीस दिवस

मी राजेंद्र नगरात राहते आणि घरून डबे देते. सध्या सव्वीस डबे जातात, बहुतेक शिकायला इंदूरला आलेल्या मुलामुलींचे. थंडीत आठवड्यातून दोनदा डब्यात गाजराची कोशिंबीर असते, म्हणजे एका सकाळी दोन किलो गाजर किसायचं. सरळ गाजराचं सुख काय असतं ते किसणीवर घासणाऱ्या हातालाच ठाऊक. सोलाणं वरून खाली एकदा फिरवलं की साल निघते आणि पार शेंड्यापर्यंत किसता येतं. दोन तंगड्यांच्या गाजराच्या बेचक्यात माती अडकलेली असते. ती सुरीच्या टोकाने काढा, तंगड्या वेगळ्या करा, मग त्या बारीक असल्यामुळे किसताना मोडतात आणि बोट किसणीला लागतं. माझ्या उजव्या अंगठ्याच्या पेरावर त्याची खूण आहे.

म्हणून घरामागच्या जागेत गाजर लावायचं मनात आलं तेव्हा ते सरळच यायला हवं, असा माझा हट्ट होता. त्याला पाच हिवाळे लागले. या पाच हिवाळ्यांत हाताला जे कळलं ते सगळं इथे लिहून ठेवते, कारण माळव्याची काळी माती ज्यांच्या दारात आहे त्या प्रत्येकाला हीच अडचण येणार आहे.

'मालव माटी गहन गंभीर, डग-डग रोटी, पग-पग नीर' हे इथल्या लहान मुलालाही पाठ असतं. या गहन गंभीर मातीने माळव्याला गहू दिला, कापूस दिला, आता सोयाबीन देते आहे. गाजराला मात्र ती फार जड जाते. पावसात ती फुगते आणि चपलेला थर चढतो. वैशाखात आकसते आणि इतक्या रुंद भेगा पडतात, की माझ्या लेकीच्या कानातली रिंग एकदा त्यात गेली ती गेलीच. थंडीत वरचा थर सुकला की खुरपं मारल्यावर चक्क आवाज येतो.

पहिल्या वर्षी मी कोथिंबीर पेरावी तसं बी फेकलं, वरून माती सारखी केली आणि पाणी देत राहिले. पाला असा झक्क आला की शेजारच्या वहिनी बघायला आल्या. जानेवारीत उपटलं तर एकेका गाजराला तीन-तीन, चार-चार पाय, काहींचे एकमेकांत पीळ पडलेले. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, ओट्याशी उभ्या राहून ती एकेक धूत होत्या. एक तुकडा त्यांनी तोंडात टाकला आणि म्हणाल्या, "चव छान आहे गं. पण हे सुगडात कसं घालायचं?"

संक्रांतीच्या सुगडात ऊस, बोरं, हरभरा आणि गाजराचे तुकडे घालतात. आदल्या दिवशी भोगीच्या भाजीतही गाजर लागतंच, पावटा, वांगं आणि तिळाच्या कुटाबरोबर. आईंचं सगळं आयुष्य इंदुरात गेलं, पण भोगीला बाजरीची भाकरी आणि ही भाजी त्यांनी एकदाही चुकवलेली नाही. आपल्या अंगणातलं गाजर सुगडात जावं, हे त्या दिवशी त्यांच्या बोलण्यातून माझ्या डोक्यात शिरलं ते तिथेच राहिलं.

दुसऱ्या वर्षी वाटलं, माती कमी पडते, खत घालू. जवळच्या गवळ्याकडून दोन तगाऱ्या ताजं शेण आणून वाफ्यात मिसळलं आणि आठ दिवसांत बी पेरलं. यापेक्षा मोठी चूक गाजराच्या बाबतीत करता येत नाही. शेण मातीत कुजतं तेव्हा त्यातून अमोनिया निघतो, त्याने मुळाचं कोवळं टोक जळतं. टोक मेलं की शेजारची उपमुळं पुढे होतात, प्रत्येक जण आपणच मुख्य मूळ असल्यासारखा फुगतो, आणि आपल्या हातात पंजा येतो. शिवाय नत्र जास्त झालं की झाड पाल्याकडे वळतं आणि गाजराच्या अंगावर केसांसारखी बारीक मुळं फुटतात. त्या वर्षीची गाजरं दाढी वाढल्यासारखी दिसत होती. वांग्याला, भोपळ्याला जे खत आवडतं ते गाजराला सोसत नाही, हे मला तेव्हा कोणी सांगितलं असतं तर एक हिवाळा वाचला असता.

तिसऱ्या वर्षी राऊ गावाकडून भाजी घेऊन येणाऱ्या बाईंना विचारलं. त्या डोक्यावरची टोपली उतरवत म्हणाल्या, "बाईजी, ज़मीन पोली करो, गाजर अपने आप सीधी जाएगी." त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं, पण पोली करण्याचा अर्थ मी चुकीचा लावला. घराचं थोडं काम निघालं होतं, त्यातली नर्मदेची दोन पोती वाळू उरली होती, ती मातीत ढकलून दिली. काळ्या मातीत थोडीशी वाळू घातली तर ती पोली होत नाही, उलट विटेसारखी होते. चिकणमातीचे बारीक कण वाळूच्या दाण्यांमधल्या फटीत जाऊन बसतात आणि वाळल्यावर सगळं घट्ट आवळून धरतात. वाळूने फरक पडायला ती मातीच्या बरोबरीने तरी घालावी लागते, आणि घरच्या वाफ्यात तेवढी आणणार कुठून? जी आली ती गाजरं बोटाएवढी आखूड, बुडाशी बोथट. उपटताना निम्मी मोडून आतच राहिली.

खरा उलगडा चौथ्या वर्षी झाला, तोही जवळजवळ अपघाताने.

घराच्या मागच्या भिंतीशी रंगाचा एक रिकामा डबा होता, वीस लिटरचा, बुडाला भोकं पाडलेला. त्यात मी ओल्या कचऱ्याचं जुनं, वर्षभर मुरलेलं खत ठेवलं होतं. पेरताना पाकिटातलं थोडं बी त्यात सांडलं. वाफ्यात बी उगवलं तेव्हाच डब्यातही उगवलं. उगवून पंचवीस दिवस झाल्यावर मी विरळणी करत होते, वाफ्यातलं एक रोप निघता निघेना, म्हणून खुरप्याने बाजूची माती काढली आणि मुळासकट हळूच उचललं. मग सहज मनात आलं, डब्यातलंही एक बघू. खत इतकं भुसभुशीत होतं की बोटांनीच बाजूला झालं.

दोन्ही रोपं मी ओल्या फडक्यावर शेजारी शेजारी ठेवली. वर दोन्ही सारखीच होती, चार बोटं उंच, कोथिंबिरीसारखी दोन-तीन पानं. डब्यातल्या रोपाचं मूळ पांढरं, दोऱ्याएवढं बारीक आणि एका रेषेत खाली गेलेलं. वीत लावून बघितली तर वीत संपून आणखी दोन बोटं उरलं. वाफ्यातलं मूळ तीन बोटं खाली गेलं होतं, तिथे मातीचं ढेकूळ लागलं असणार, कारण तिथे ते काटकोनात वळलं होतं. टोक तांबूस होऊन वाळलं होतं आणि त्या वळणापासून दोन नवीन दोरे फुटले होते, एक डावीकडे, एक उजवीकडे. जानेवारीत जे दोन तंगड्यांचं गाजर मला किसायला बसायचं होतं ते नोव्हेंबरच्या सुरुवातीलाच माझ्यासमोर फडक्यावर पडलं होतं. फक्त अजून जाड व्हायचं बाकी होतं.

मी आईंना हाक मारली. त्या चष्मा लावून बराच वेळ बघत राहिल्या.

गाजर आधी लांब होतं, मग जाड होतं. मूळ पहिल्या तीन-चार आठवड्यांत आपली वाट शोधून खाली पोचतं, आणि त्यानंतरचे दोन-अडीच महिने त्याच वाटेत साखर भरत फुगत राहतं. मी तीन वर्षं डिसेंबरात पाणी, खत, माती लावणं असे उपाय करत होते, तेव्हा आकार ठरून महिना उलटलेला असायचा. पेरण्याआधीची वाफ्याची तयारी आणि उगवल्यानंतरचे ते पंचवीस दिवस, गाजराचा सगळा आकार इथे आहे. पुढे जे काही बिघडतं ते भेगा, हिरवी मान, फिकटपणा, पण पाय फुटत नाहीत.

रोप वाफ्यात लावून गाजर का करू नये, हेही त्याच दिवशी कळलं. टोमॅटोचं रोप उपटून दुसरीकडे लावलं तर चालतं, कारण आपल्याला त्याचं मूळ खायचं नसतं. गाजराचं रोप हलवलं की ते टोक मोडणारच. बी जिथल्या तिथेच पेरायचं.

पाचव्या वर्षी, म्हणजे यंदा, मी काळ्या मातीला सुधारायचा नाद सोडला आणि तिच्यावर दुसरी जमीन उभी केली. आठ फूट लांब, तीन फूट रुंद, सव्वा फूट उंच गादीवाफा, कडेने जुन्या विटा. पाऊस सुरू होण्याआधी, माती कोरडी असतानाच, तळाची काळी जमीन कुदळीने एक वीत खणून उलटी करून ठेवली. वर भरायला एक तगारी माती, दीड तगारी खत, अर्धी तगारी वाळू या हिशोबाने सगळं मिसळलं. वाळू यावेळी चालली, कारण खत भरपूर होतं. एकूण साठेक तगाऱ्या झाल्या. आमचे हे रोज ऑफिसमधून आल्यावर चार-पाच तगाऱ्या चाळून द्यायचे. चाळणीवर राहिलेले खडे, विटांचे तुकडे, न कुजलेल्या काड्या आई ताटात घेऊन अंगणात बसायच्या आणि गहू निवडावेत तसं निवडायच्या. हरभऱ्याएवढा खडासुद्धा त्या सोडत नसत. "याच्यापाशी वळलं असतं बघ," असं म्हणत एकेक बाजूला टाकायच्या.

खताबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण ते आपल्या गावचं आहे. सगळ्या जगात कंपोस्टच्या ज्या पद्धतीला 'इंदूर पद्धत' म्हणतात ती याच शहरात घडली. १९२४ साली इथे इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री सुरू झाली, होळकर संस्थानाने जागा दिली, आणि इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड १९३१ पर्यंत तिचे संचालक होते. त्यांच्याबरोबर काम करणारे यशवंत वाड आपले मराठी. शेतातला पालापाचोळा, गोठ्यातलं शेण, जनावरांच्या मूत्राने भिजलेली माती आणि लाकडाची राख यांचे थर द्यायचे, ओल राखायची, हवा खेळावी म्हणून ठरावीक दिवसांनी उलथायचं, आणि सुमारे तीन महिन्यांत काळं, भुसभुशीत, मातीचा वास येणारं खत हातात येतं. त्या संस्थेच्या आवारातच आज कृषी महाविद्यालय आहे. मी कित्येक वर्षं त्या भिंतीवरून ये-जा केली, आणि आत काय झालं होतं ते मला गाजरामुळे कळलं.

माझ्याकडे गोठा नाही, पण सव्वीस डब्यांच्या भाजीची सालं, देठं रोज निघतात. कचरागाडीत ओला कचरा आम्ही कधीच टाकत नाही. विटांच्या दोन कप्प्यांत तो साठतो. एक थर भाजीची सालं, एक थर वाळलेली पानं, त्यावर शेणाचं पातळ पाणी आणि मूठभर माती. राख अगदी थोडी घालते, कारण आपली माती आधीच अल्कधर्मी आहे, तिला राखेची हौस नाही. पंधरा-वीस दिवसांनी एका कप्प्यातून दुसऱ्यात उलथते. उलथताना आतून वाफ आली आणि हाताला ऊब लागली की काम चाललं आहे असं समजायचं. तीन महिन्यांनी खत झालं तरी गाजरासाठी मी ते आणखी सहा महिने तसंच राहू देते. मुठीत दाबलं की गोळा होतो, अंगठ्याने ढकलला की फुटतो, आणि शेणाचा जराही वास येत नाही, असं झाल्याशिवाय ते गाजराच्या वाफ्यात जात नाही.

बियांबद्दलचा माझा अनुभव कडू आहे. चौथ्याच वर्षी एका दुकानातून आणलेल्या पहिल्या पाकिटातलं बी उगवलंच नाही. दोन आठवडे वाट बघितली, पाकिटावरची तारीख पुसट होती, परत नेलं तर दुकानदाराने माझ्या पाण्याला दोष दिला. दुसरीकडून आणलेलं बी त्याच वाफ्यात, त्याच पाण्यावर उगवलं. गाजराचं बी लवकर म्हातारं होतं, दोन-तीन वर्षांपलीकडे त्यात फारसा जीव राहत नाही. आता मी पेरण्याआधी वीस बिया ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवते. दहा-बारा दिवसांत तेरा-चौदा तरी फुटल्या तरच ते बी वाफ्यात.

यंदा दोन जाती लावल्या. एक नँटीस, नारिंगी, दंडगोल, बुडाशी गोलसर, वीतभराच्या आत मावणारी. दुसरी पुसा रुधिरा, दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेची लाल, लांब, निमुळती. हलव्याला लालच हवं, त्याला दुसरा पर्याय मी मानत नाही. तिचा लाल रंग लायकोपीनचा, म्हणजे टोमॅटोत असतो तोच. ज्यांना सव्वा फुटाचा वाफा करणं जमणार नाही त्यांनी लांब जातीच्या मागे लागू नये, शांतने नावाची आखूड, रुंद खांद्यांची जात घ्यावी. ती जड जमिनीत त्यातल्या त्यात निभावून नेते.

पेरणीचा दिवस आम्ही भोगीवरून उलटा मोजला. भोगी १३ जानेवारीला, शंभर दिवस मागे गेलं की ५ ऑक्टोबर. दसरा नुकताच झालेला, रविवार होता. पाऊस थांबून वाफ्याला वापसा आला होता. मुठीतली माती चिकटत नव्हती आणि उडतही नव्हती. बी तळहातावर चोळलं की त्याचे बारीक काटे निघून जातात आणि ते एकमेकांत अडकत नाही. या बियांचा वास घेऊन बघा, ओवा-जिऱ्याची आठवण येते. ओवा, जिरं, बडीशेप, कोथिंबीर आणि गाजर एकाच कुळातले. एका ग्रॅमात सात-आठशे बिया असतात, त्या चिमटीने पेरायला गेलं की हमखास दाट पडतात, म्हणून एक चमचा बी वाटीभर कोरड्या वाळूत मिसळलं. लांबीला चार रेघा, नखाच्या अर्ध्या पेराएवढ्या खोल, वर चाळलेलं खत भुरभुरवलं आणि झारीने पाणी.

मग गोणपाट. हे पोतं मला गाजराच्या लागवडीतलं सगळ्यात मोठं औजार वाटतं. गाजराचं बी उगवायला आठ दिवसांपासून तीन आठवडे लागतात आणि ते वरच्या बोटभर मातीत असतं. ऑक्टोबरच्या उन्हात तो थर दुपारपर्यंत सुकतो, वर पापुद्रा धरतो, आणि कोंब खालच्या खाली मरतो. ओलं पोतं वाफ्यावर पसरून ठेवलं की ओल टिकते. पाणी पोत्यावरच शिंपडायचं. सहाव्या दिवसापासून मात्र रोज पहाटे पोत्याचा कोपरा उचलून बघावं लागतं. नवव्या दिवशी मी डब्यांचा कुकर लावून मागे गेले, टॉर्च धरला, पोतं उचललं, आणि खताच्या काळ्या थरावर हिरवी दोऱ्याची टाचणं पडावीत तसे कोंब उभे होते. काहींच्या टोकाला बियांची टोपी अजून होती. पोतं तेव्हाच्या तेव्हा काढलं. एक दिवस जरी उशीर झाला तरी कोंब पोत्यात शिरून त्याच्याबरोबर उपटले जातात.

गाजराची पहिली दोन पानं गवताच्या पात्यांसारखी अरुंद असतात, पहिल्या वर्षी मी गवत समजून ती काढूनही टाकली होती. पुढे एक घोटाळा असतो. शेजारच्या रिकाम्या प्लॉटात गाजरगवत माजलेलं आहे, त्याचं बी वाऱ्याने येतं, आणि त्याची पानं नावाप्रमाणे गाजरासारखीच कातरलेली असतात. शंका आली की पानाचा तुकडा चुरगळून वास घ्यायचा. गाजराला गाजराचाच वास येतो. गाजरगवताने अंगाला खाज सुटते, तेव्हा मोठं झालेलं उपटताना हातमोजे घाला.

विरळणी करताना जीव खालीवर होतो, पण ती केलीच पाहिजे. दोन गाजरं चिकटून वाढली तर एकमेकांना पीळ घालतात. रोप चार बोटं झाल्यावर नँटीसमध्ये दोन बोटांहून जरा जास्त आणि लाल गाजरात तीन-साडेतीन बोटं अंतर राहील असं केलं. रोपं उपटली नाहीत, कात्रीने मातीलगत कापली. उपटताना शेजारच्याचं मूळ हलतं, आणि ते दिवस मूळ हलवायचे नाहीत हे तर आता कळलंच होतं. कापलेल्या कोवळ्या पाल्याची आईंनी पीठ पेरून भाजी केली. लसणाची फोडणी, चण्याचं पीठ, किंचित कडसर आणि फार छान.

पाण्याबद्दल थोडक्यात. आमच्याकडे नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं. सत्तर किलोमीटरवरच्या जलूदहून घाट चढून येणाऱ्या पाण्याची उधळपट्टी करायची नाही, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. गाजराला भरपूर पाणी नको, नेमाने पाणी हवं. चौथ्या वर्षी डिसेंबरात आम्ही लग्नाला आठ दिवस वडोदऱ्याला गेलो, वाफा कोरडा पडला, आल्या आल्या मी दया येऊन भरभरून पाणी दिलं आणि त्या आठवड्यात डझनभर गाजरं उभी तडकली. बाहेरची साल ताठ झालेली असते, आतला भाग एकदम फुगतो, मग फाटणारच. आता वाळलेल्या पानांचं आच्छादन घालते आणि दोन बोटं मातीत खुपसून कोरडं लागलं तरच पाणी देते. जी गाजरं मान वर काढतात त्यांच्या खांद्यावर माती ओढायची, नाहीतर ऊन लागून तिथे हिरवी आणि कडवट होतात. डिसेंबरच्या थंडीत मात्र काही करावं लागत नाही. पंधरा-वीस अंशांच्या आसपासच्या हवेत गाजराला रंग चढतो, आणि तेवढी हवा इंदूरचा हिवाळा आपल्याला फुकट देतो.

१२ जानेवारीला सकाळी वाफ्याला पाणी दिलं, संध्याकाळी काढणी. पाल्याला धरून ओढायचं नाही, आधी बाजूने खुरपं उभं घालून माती सैल करायची. पहिलं लाल गाजर मी आईंना काढायला लावलं. त्यांनी दोन्ही हातांनी पाल्याच्या बुडाशी धरलं, जरासं फिरवलं, आणि ते आवाज न करता वर आलं. नऊ इंच, वरून खाली एकसारखं निमुळतं, शेवटी शेपटासारखा दोरा. त्यांनी पदराने माती पुसली. "पुंगी होईल हिची," म्हणाल्या. गाजराची पुंगी वाजली तर वाजली, नाही तर मोडून खाल्ली, ही म्हण आमचे हे पाच वर्षं मला ऐकवत होते, ते समोर तगारी धरून उभे होते, काही बोलले नाहीत.

एकूण १३७ गाजरं, साडेअकरा किलो. त्यातली ११९ सरळ. नऊ दोन पायांची, ती सगळी विटेच्या कडेची, तिथे चाळण्यात कसूर झाली होती. सहा आखूड, तीन तडकलेली. पाला लगेच कापला, कारण तो ठेवला तर गाजरातलं पाणी ओढून घेतो आणि गाजर दोन दिवसांत लिबलिबीत होतं.

मग आम्हा दोघींची थोडी ओढाताण झाली. सुगडासाठी आईंना सगळ्यात देखणी गाजरं हवी होती, आणि मला तीच बियाण्यासाठी हवी होती. नँटीसला फुलायला लागते तेवढी थंडी आपल्याकडे पडत नाही, तिचं बी डोंगरातच होतं. लाल गाजर मात्र इथल्या हवेत फुलतं. सरळ, एकरंगी, बारीक गाभ्याची गाजरं निवडायची, पाला चार बोटं ठेवून कापायचा, खालचं टोक छाटायचं आणि पुन्हा जमिनीत लावायची. एक-दोन लावून भागत नाही. परागीभवन किडे करतात आणि मोजक्याच झाडांवरून घेतलेलं बी पुढे दुबळं होतं, म्हणून मला वीस हवी होती. शेवटी पाच सुगडात गेली, पंधरा मला मिळाली. भोगीची भाजी आणि त्या दिवशीचे डबे उरलेल्यांतून झाले. एका मुलीने रिकाम्या डब्यात चिठ्ठी पाठवली, "काकू, आजची भाजी आईच्या हातची वाटली." ती फ्रिजवर लावली आहे.

ती पंधरा गाजरं आता वाफ्याच्या पूर्वेच्या टोकाला एक-एक फुटावर उभी आहेत. चौदांना नवीन पानं फुटली, एक कुजलं. सगळ्यात पुढच्याचा दांडा गुडघ्याएवढा झाला आहे, आईंनी तो जुन्या साडीच्या काठाने बांबूला बांधून ठेवलाय. रोज सकाळी त्या कळी आली का बघून येतात, आणि नाही म्हणून मान हलवत आत येतात.